वैद्यराजांचा विडा

दरबारी गायिका कमळजाची दाढ दुखते म्हणून राजवैद्य धुंडिराजांनी बिब्ब्याचं तेल लावलं आणि तिचा गाल भोपळ्यासारखा सुजला, ओठांवर फोड उठले. भर दरबारात वैद्य गरजले, "झाडपाल्यानं कधी अपाय होत नाही, महाराज. हिनंच पथ्य मोडलं."

वैद्यांचं खरं मानून महाराज तिला कामावरून काढणार, इतक्यात कमळजानं वैद्यांपुढे विड्याचं तबक धरलं. दरबारातला विडा नाकारणं म्हणजे महाराजांचा अपमान. वैद्यांनी ऐटीत विडा उचलला आणि पान पाहून ते थबकले.

"अगं, हे कच्चं अळू! तोंड सुजेल माझं."

"झाडपालाच आहे, वैद्यराज," सुजल्या ओठांनी कमळजा म्हणाली. "पथ्य तेवढं सांभाळा."

महाराज हसू दाबत म्हणाले, "घ्या की, वैद्यराज."