राखपाण्याची दुर्पदी

मोहोर फुटला की आंब्याच्या पानाला पाणी लावायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. समुद्र आजच्यापेक्षा दोन हात मागे होता, त्या काळी कातळवेळ गावात हा नियम होता. दुसराही एक होता. ज्या झाडाला तीन वर्षं धड फळ नाही, ते पावसाआधी तोडायचं आणि त्याच्या होडीसाठी फळ्या करायच्या.

दुर्पदीच्या बागेत एकवीस झाडं होती. आईबाप गेल्यावर तिचं म्हणून जे काही उरलं, ते एवढंच. दोन वर्षं कैऱ्या सुपारीएवढ्या होऊन गळत होत्या. उरलेलं फळ अढीत पिकलं तरी आतून पांढरं, भुसभुशीत, साक्याचं निघे. व्यापारी तिच्या करंड्या उघडूनही बघत नसे. तिसऱ्या वर्षी मोहोर फुटताच गावचे पुढारी नारोबा कोयती घेऊन आले आणि एकवीस झाडांवर एकवीस खाचा पाडून गेले. या खेपेला फळ धरलं नाही, तर वैशाखात कुऱ्हाड.

त्या संध्याकाळी भांडी घासताना दुर्पदीनं वर पाहिलं. परसातल्या झाडाची एक फांदी तिच्या घासायच्या दगडावर झुकली होती. राखेनं घासलेली भांडी विसळून ती ते पाणी सवयीनं त्या फांदीवर भिरकावी. आणि दोन्ही वर्षी गळ झाली नव्हती, ती फक्त त्याच फांदीवर! हे गावात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण भांडी घासायच्या दगडापाशी वडीलधारे कधी फिरकलेच नव्हते.

तिनं चुलीतली राख घागरीत कालवली, शिमग्याची बांबूची पिचकारी भरली आणि भर दुपारी पहिल्या झाडावर धार धरली. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या.

"आंब्याक आंघोळ घातलंस काय गो?" नारोबा कुंपणावरून हसले. "आता उटणा पण लाव!"

"लावतंय, आजोबा. उरला तर तुमका पण धाडतंय."

पण चूक तिला कळली होती. राख जहाल झाली होती आणि ऊन चढलेलं होतं. मग तिनं राखपाणी रात्रभर निवळू दिलं, वरचं नितळ तेवढं फडक्यानं गाळलं, घागरभर पाण्यात त्याची एकच पळी घातली आणि ऊन उतरल्यावर पानांवर बारीक तुषार उडवले. कैरी वाटाण्याएवढी झाली तेव्हा एकदा, गोटीएवढी झाली तेव्हा दुसऱ्यांदा, अंड्याएवढी झाली तेव्हा तिसऱ्यांदा.

असं म्हणतात, त्या वर्षी बागेत एकही कैरी गळली नाही. वादळ आलं, तेही कुंपणापाशी हळू झालं. फळांच्या भारानं फांद्या जमिनीला टेकल्या. असं म्हणतात, वारा समोरून असतानाही परतीला लागलेली तीन गलबतं नुसत्या वासानं बंदराकडे वळली. फळ कापलं, तर सालीपासून कोयीपर्यंत केशरी. करंड्या न उघडणारा तो व्यापारी पुळणीवर तीन दिवस बसून राहिला आणि एका करंडीला चार करंड्यांचा भाव देऊन गेला. झाडांवरच्या खाचाही आपोआप भरून आल्या, असं म्हणतात.

आजही कातळवेळीत पहिली फवारणी दुर्पदीच्या नावानं होते. आता औषधं वेगळी, पंप वेगळे. पण पंप पाठीला लावण्याआधी घरातली सगळ्यात लहान मुलगी विचारते, "कशाला?" आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानं ते नीट समजावून सांगायचं असतं. सांगता आलं नाही, तर पंप खाली.

ही रीत पडली ती त्याच वैशाखात. सगळे मानकरी देवळात जमले. नारोबांनी दुर्पदीपुढे नारळ धरला आणि गावाला सुनावलं, "आजपासून कैरीक तीनदा राखपाणी मारायचा. ह्यो दुर्पदीचो नियम. का म्हणून कोणी इचारूचा नाय!"

माना डोलल्या. दुर्पदीनं हात पुढे केला नाही.

"ह्यो नारळ मी घेवचंय नाय," ती म्हणाली. "माझ्या नावान असलो नियम नको. राख जास्त झाली तर पान करपता, ता सांगा. भर उन्हात मारू नये, ता सांगा. जो इचारीत, तेका सगळा सांगा. आणि उद्या कोणाक ह्याच्यापेक्षा बरा काय गावला, तर माझी पिचकारी चुलीत घाला."

नारोबांनी नारळ खाली ठेवला आणि विचारलं, "मगे सांग, राखपाणी मारायचा ता कशाक?"