ओल्या रंगाचा छकडा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा सगळे रस्ते मातीचे होते आणि गाढवे माणसांशी बोलत असत.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक कुंभारीण राहत होती. तिची मडकी चांगली होती, पण ती स्वतः फार लाजरी होती. कुणी भाव विचारला तर ती मडक्याकडे बघून उत्तर देई. मात्र विकताना तिची एक रीत होती. गिऱ्हाइकासमोर ती प्रत्येक मडके बोटाने वाजवी. आवाज खणखणीत आला तर देई. बद्द आला तर बाजूला ठेवी.

तिचा माल वर्षानुवर्षे एका गाढवाच्या पाठीवरून बाजारात जात असे. आता ते गाढव म्हातारे झाले होते. अक्षय्य तृतीया जवळ आली होती. त्या सणाला घरोघरी नवी घागर लागे, आणि त्या विक्रीवरच कुंभारणीचे वर्ष निघे. भावाने एक बैल दिला होता. म्हणून तिने एक जुना छकडा घ्यायचे ठरवले.

बाजाराच्या वेशीजवळ जुन्या गाड्या विकणारा एक व्यापारी बसे.

"या ताई, या! हा छकडा बघा. नवरीसारखा नटलाय की नाही?"

छकडा खरोखरच लालचुटूक होता. कुंभारणीने फळ्यांवरून हात फिरवला; बोटांना रंग लागला नाही. मग ती खाली वाकली. दोन चाकांमधला लाकडी कणा वाजवून बघावा म्हणून तिने बोट पुढे केले.

"अहो, हात नको! रंग ओला आहे!" व्यापारी ओरडला.

तिने चटकन हात मागे घेतला. ओल्या घागरीला एक बोट लागले तरी ती वाकडी होते, हे तिच्या घरात लहान पोरींनाही ठाऊक होते. दुसऱ्याच्या ओल्या कामाचाही तिने तसाच मान राखला.

"आतून धड आहे ना, शेठ?" तिने हळूच विचारले.

"माझ्या लेकीला देतोय असं समजा. दहा वर्षं बघायला नको."

कुंभारणीने दंडातली चांदीची वाकी काढून दिली. ती तिच्या आईची होती.

सणाच्या आदल्या दिवशी पहाटेच तिने अर्ध्या घागरी छकड्यात भरल्या. अर्ध्या दुसऱ्या खेपेसाठी घरी ठेवल्या. ओढ्याच्या उतारावर कडाड्‌ असा आवाज झाला. कणा मोडला, छकडा कलंडला आणि घागरींचा चुरा झाला.

गाढव मागून येत होते. "माझ्या पाठीवरून जन्मात तीनच मडकी फुटली," ते म्हणाले. "त्यातली दोन तुझ्या नवऱ्याने फोडली."

"तू गप बस," कुंभारीण म्हणाली, आणि रडू लागली.

मग तिने डोळे पुसले आणि मोडलेला कणा हातात घेतला. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग पांढरा, ताजा होता. उरलेला अर्धा काळा पडला होता, आणि ती जुनी फट लाख भरून बुजवलेली होती. तिने तो तुकडा गाढवावर लादला आणि बाजाराची वाट धरली.

व्यापारी हसला. "पाहून घेतलात ना, ताई? माल वेशीबाहेर गेला की आमचा संबंध संपला. ही बाजाराची रीत आहे. भार जास्त घातला असेल तुम्ही. गाडी हाकणं म्हणजे काही कुंभाराचं चाक फिरवणं नाही!"

लोकही हसले. कुंभारणीचा चेहरा उतरला. तिने गाढवाला माघारी वळवले. पण गाढवाने भर रस्त्यात बसकण मारली.

"हे ओझं मी परत नेणार नाही," ते म्हणाले. "हे ज्याचं आहे, त्याच्याच दारात राहील."

रस्ता अडला. गर्दी जमली. शेवटी बाजाराचा निवाडा करणारी म्हातारी पाटलीण काठी टेकत आली. तिने तुकडा पाहिला आणि विचारले, "ही लाख कुणी भरली?"

"मला काय माहीत, पाटलीणबाई?" व्यापारी म्हणाला. "मलाही कुणीतरी असाच विकला असेल. आणि हिने डोळ्यांनी पाहूनच घेतलाय."

पाटलीण कुंभारणीकडे वळली. "तुला काय म्हणायचंय, पोरी?"

कुंभारणीने मोडका कणा उचलून धरला. या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"शेठ, साऱ्या छकड्याचा रंग वाळलेला होता. फक्त कण्याचाच ओला होता. भेग माहीत नव्हती, तर बाजाराच्या दिवशी सकाळी तेवढ्याच लाकडाला रंग का दिलात? मी पाहिलं, हे खरं आहे. पण तुम्ही मला लाकूड दाखवलंच नाही, नुसता रंग दाखवलात. मग माझ्या आईची वाकी तुम्ही रंगासाठी घेतलीत का?"

कुणी हसले नाही.

पाटलिणीने काठी आपटली. "वेशीची रीत उघड मालाला आहे, झाकलेल्या दोषाला नाही. वाकी परत कर. मोडका छकडा तुझा तू घेऊन जा. फुटलेल्या घागरींची किंमत भरून दे. आणि हिच्या घरी उरलेला माल आज, तुझ्या सगळ्यात चांगल्या गाडीतून, तू स्वतः घेऊन ये."

त्या दुपारी बाजाराने एक वेगळीच वरात पाहिली. पुढे गाढव, अंगावर काही ओझे नसलेले. मागे कुंभारीण, दंडात वाकी घातलेली. तिच्यामागे घागरींच्या गाडीवर व्यापारी, प्रत्येक खड्ड्यापाशी खाली उतरून बैलाला चुचकारणारा. एकही घागर फुटली नाही. सूर्य मावळायच्या आत सगळ्या विकल्या गेल्या.

पाटलिणीने वेशीवर एक लाकडी हातोडी टांगली. घेणाऱ्याने ती उचलायची आणि हवी ती वस्तू ठोकून बघायची. कुणी अडवले, तर त्याचे दुकान त्या दिवशी बंद. काही दिवस व्यापाऱ्याकडे कुणी फिरकेना. मग तोच दारात उभा राहून सांगू लागला, "या गाडीचं डावं चाक जुनं आहे, बघून घ्या." तेव्हा कुठे गिऱ्हाईक परतले.

बोध: दोष लपवून विकलेल्या वस्तूचा व्यवहार पुरा होत नाही, आणि तो मोडून आपले परत मागणे हा घेणाऱ्याचा हक्क आहे.