गेन्शूचं कुयोकुयो

"पण हे थांबवायचं कसं, गुरुजी?"

गेन्शूनं असं विचारलं तेव्हा तोरिन गुरुजी ओसरीवर बसून मुळ्याच्या लोणच्याच्या चकत्या करत होते. दरीतून धुकं वर आलं होतं. दरवाजा, पायऱ्या, पाइनची झाडं सगळं त्यात बुडालं होतं, आणि डोंगरावरचं ते चिमुकलं देऊळ हळूहळू कुठेतरी तरंगत चाललंय असं वाटत होतं.

"काय थांबवायचं?"

"कुयोकुयो."

हा शब्द जपान्यांचा. पावसाच्या आवाजावरून शब्द कुणीही करील हो! या लोकांनी मात्र माणूस आतल्या आत कुढत बसतो, त्यालाही आवाज देऊन ठेवलाय. आपण नाही का म्हणत, जिवाला रुखरुख लागली, चुटपुट लागली? तसंच काहीसं.

गुरुजींनी सुरी खाली ठेवली. पुढे वाकून गेन्शूच्या छातीला कान लावला.

...

"कधीपासून?"

"आई येऊन गेली तेव्हापासून."

गेन्शू म्हणजे साधासुधा शिष्य नव्हे. ध्यानाला बसला की नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही, आणि ही गोष्ट त्याला स्वतःला चांगलीच ठाऊक होती. पानगळीच्या दिवसांत त्याची आई डोंगर चढून आली, पाठीला लाकडी पिंप बांधून. पिंपात भाताच्या कोंड्यात मुरवलेला मुळा, लेकाच्या आवडीचा. दारातूनच तिनं हाक मारली, तीही घरच्या लाडाच्या नावानं. बाकीचे शिष्य फिदीफिदी हसले. आणि हे महाराज काय म्हणाले?

"भिक्षूला आई नसते. या बाईंना आत कुणी घेतलं?"

वैराग्य वैराग्य म्हणतात ते हेच, असं वाटलं होतं त्याला!

बाईनं पिंप पायरीवर ठेवलं. लेकापुढे वाकून नमस्कार केला आणि ती डोंगर उतरू लागली. तेव्हापासून गेन्शूला अन्न गोड लागेना. डोळे मिटले की ती वाकलेली पाठ दिसायची.

"काय काय करून पाहिलंस?" गुरुजींनी विचारलं.

"उपास केले. थंडगार पाण्यानं आंघोळी केल्या. रोज ध्यानात तिच्यापुढे डोकं टेकवतो, माफी मागतो."

"रोज?"

"एक दिवस चुकवला नाही." एवढ्या दुःखातही त्याची मान किंचित ताठ झालीच.

"मग ती काय म्हणते?"

"कोण?"

"तुझ्या ध्यानातली आई."

"ती... काहीच बोलत नाही, गुरुजी."

"हं."

गुरुजींनी एक चकती तोंडात टाकली. कुर्रकन आवाज झाला.

"छान मुरलंय."

मग ते उठले. खुंटीवरची गवताची टोपी डोक्यावर चढवली आणि पायरीवर बसून गवती चपलांचे बंद आवळायला लागले.

"कुठे निघालात?"

"तुझ्या गावाला. आज-उद्यात बर्फ पडेल. मग वसंतापर्यंत वाट बंद."

"माझ्या गावाला? कशाला?"

"तुझ्या आईपुढे डोकं टेकवायला."

"अहो, पण चूक माझी आहे!"

"तुझीच. पण तुला सवड कुठाय? तू बस इथं निवांत. कुयोकुयो कर. ते काही मला जमायचं नाही बाबा."

म्हातारा खरंच निघाला! गुडघे धरत धरत दोन पायऱ्या उतरला, आणि धुक्यानं त्याला कमरेपर्यंत गिळलं.

गेन्शूला भडभडून आलं. अनवाणीच धावत जाऊन तो गुरुजींच्या वाटेत आडवा झाला.

"नको, गुरुजी... तुम्ही नका जाऊ. मी जातो. पण शिक्षण पुरं होईपर्यंत घरी जायचं नाही, असा नियम..."

"नियमाला मी सांभाळतो. तो काही माझ्यावर रुसत नाही."

गुरुजी खाली बसले. पायातल्या चपला काढून त्यांनी गेन्शूच्या पायांपाशी सरकवल्या. टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. गेन्शू घाईघाईनं बंद बांधायला गेला, तर गाठच बसेना. शेवटी गुरुजींनीच ते बांधून दिले.

तो दोन पायऱ्या उतरला. थांबला. मागं वळला तर देऊळ दिसेनासं झालं होतं, आणि पायरीवर अनवाणी बसलेले गुरुजी तेवढे पुसटसे दिसत होते. पहिलं बर्फ अलगद खाली येत होतं.

"गुरुजी..." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तिनं दारच उघडलं नाही तर?"

"तर दारात बस," धुक्यातून आवाज आला. "बसायलाच तर शिकलास इथं."