पाठ केलेला तक्ता

एका खाडीच्या तोंडाशी एक कोळीवाडा होता आणि त्या कोळीवाड्यात एक कोळी, त्याची कोळीण आणि त्यांची एकुलती एक लेक हिरू राहत होती. कोळी पट्टीचा दर्यावर्दी, पण बोलायला अगदी कमी. त्याच्या वाट्याचं सगळं कोळीण बोलून टाकायची. आणि हिरू? तिच्या बोटांत जादू होती. एवढीशी होती तेव्हापासून लाकडी सुई घेऊन जाळं विणायला बसली, ती उठेचना. जवळ्याचं बारीक विणीचं जाळं विणावं ते हिरूनेच.

मागच्या खोलीत एक लहानसा झरोका होता. त्याच्या अंधुक उजेडात, जाळं नाकापाशी धरून, हिरू दिवसभर विणत असे. बाहेर वाळूत पोरं लगोरी खेळायची, खेकड्यांमागे धावायची. हिरूही कधीमधी म्हणायची, "आये, मी जाऊ?"

"नको गो," कोळीण म्हणायची. "ऊन लागेल, काळी पडशील. आणि जाळं कोण पुरं करणार?"

कोळ्याच्या पोरीला उन्हाची भीती! ऐकलंय कधी? पण गावभर लेकीचं कौतुक व्हायला लागलं की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. कोळणीचीही पडली.

असेच काही महिने गेले. मग हिरू लांबचं बघताना डोळे बारीक करायला लागली. अंगणाच्या टोकाचा रांजण तिला नीट दिसेना, तिथे माणूसच बसलाय असं तिला वाटायचं. एकदा तर समोरून पारूकाकी येत होती, तिलाच हिरूने "आये" म्हणून हाक मारली. पारूकाकी म्हणजे शेजारीण. तिने ते लगेच चार घरी सांगितलं.

कोळणीने आधी मीठमोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन लेकीची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, घरभर ठसका उठला, हिरूचे डोळे चुरचुरून लाल झाले. दृष्ट निघाली की नाही देव जाणे, पण रांजण काही तिला नीट दिसायला लागला नाही.

शेवटी हिरूच म्हणाली, "आये, मला लांबचं दिसत नाही."

"मग मला तरी कुठे दिसतं?" कोळीण म्हणाली. "लांबचं सगळ्यांनाच धुरकट दिसतं. माझं काही अडलं का आजवर? उगीच बोभाटा करू नको. लोक आंधळी म्हणतील."

आता त्या कोळीवाड्याची एक रीत सांगतो. तिथे प्रत्येक होडीच्या शिडाला वेगळ्या रंगाचं ठिगळ असायचं. कुणाचं पिवळं, कुणाचं निळं, हिरूच्या बापाचं केशरी. संध्याकाळी होड्या परतायच्या वेळी घराघरातली माणसं टेकाडावर जमायची. आपलं ठिगळ दिसलं की घरचं पोर ओरडायचं, "आली गो आमची!" मगच घरात चुलीवर भात चढायचा.

हिरूने त्यावर एक युक्ती काढली होती. बाकी सगळी पोरं ओरडून झाली की जी होडी उरेल ती आपली! म्हणून ती रोज सगळ्यात शेवटी ओरडायची. तिच्या शेजारी कोळीण ढिम्म उभी असायची. लोक आपापसांत म्हणायचे, "मायलेकींना जाळ्यांचा गर्व झालाय. बघा कशा उभ्या राहतात!"

एकदा जेवताना कोळ्याने विचारलं, "हिरू, तू माझ्यावर रुसतेस का गो?"

"नाही बा. का?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि मान खाली घालून जेवत राहिला.

त्या कोळीवाड्यात वर्षातून एकदा बाजारगावची नेत्रवैद्यीण यायची. उंडीच्या झाडाला ती एक तक्ता टांगायची. त्यावर चित्रांच्या ओळी होत्या, वर मोठी चित्रं आणि खाली बारीक बारीक. पोरांना लांब उभं करून ती एकेका चित्रावर बोट ठेवायची आणि विचारायची. ज्याला दिसेना, त्याला चष्मा.

त्या वर्षी वैद्यीण आली तेव्हा कोळणीला एकच धास्ती. पोरीला चष्मा लागला तर पारूकाकी गावभर डांगोरा पिटणार! मग तिने काय करावं? पारूकाकीची धाकटी तपासून आली होती. तिला खोबऱ्याची वडी देऊन कोळणीने सगळ्या चित्रांचा क्रम काढून घेतला आणि तो हिरूकडून पाठ करून घेतला. "मासा, खेकडा, होडी, माड..." पोर जाळं विणता विणता पुटपुटत बसली.

"आये, हे खोटं नाही का?" तिने विचारलं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," कोळीण म्हणाली. "म्हण पुढचं."

हिरूची पाळी आली. वैद्यीण बोट उचलते न उचलते तोच हिरूने सगळा तक्ता घडाघडा म्हणून दाखवला, पार खालच्या ओळीपर्यंत!

"अगं पोरी," वैद्यीण चकित होऊन म्हणाली, "मी अजून बोट ठेवलंच नाही."

"हुशारच आहे ती!" कोळीण मध्येच बोलली आणि लेकीचा हात धरून निघालीसुद्धा.

"बाई, हिला माझ्याकडे पुन्हा एकदा घेऊन या," वैद्यीण मागून ओरडली. पण तिच्यापुढे पोरांची रांग होती आणि कोळणीला मागे बघायचंच नव्हतं.

खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून जवळच, एक खडक होता. भरतीला तो पाण्याखाली जायचा, म्हणून खुणेसाठी त्यावर बांबू रोवलेला होता. एकदा वादळी वारं सुटलं आणि बांबू मोडला. नवा रोवेपर्यंत असं ठरलं, की घरच्या कुणीतरी टेकाडावर लाल फडकं घेऊन उभं राहायचं आणि एखादी होडी खडकाकडे यायला लागली की फडकं जोराने हलवायचं.

त्यातच शेजारच्या गावात कुणाची तरी हळद होती. सगळा कोळीवाडा नटूनथटून तिकडे गेला. कोळी तेवढा आपली लहान होडी घेऊन दर्यात गेला होता, आणि हिरू जाळं पुरं करायला घरी राहिली होती. निघताना कोळीण म्हणाली, "संध्याकाळी फडकं घेऊन उभी राहा हं. बा येईल."

हिरूच्या अगदी ओठांवर आलं होतं, "आये, मला दिसणार कसं?" पण तिला गप्प बसायची सवय लावली होती ना! तिने नुसती मान डोलावली.

संध्याकाळी हिरू एकटी टेकाडावर उभी राहिली. "आली गो आमची" म्हणणारं आज कुणी नव्हतं. समोर नुसतं धुरकट पाणी आणि धुरकट आभाळ. हिरूने डोळे बारीक केले, चोळले, पुन्हा बारीक केले. कुठेच काही नव्हतं. फडकं हलवावं तर कधी? उगीच हलवलं आणि बा सरळ वाट सोडून खडकाकडेच वळला तर? तिने फडकं तसंच धरून ठेवलं.

आणि मग पाण्यावरून एक आवाज आला. लाकूड फुटल्याचा.

"हिरू!" कोळ्याची हाक आली. "हिरू गो!"

बाप दिसत नव्हता, पण त्याचा आवाज तर ओळखीचा होता. हिरू टेकाडावरून धावत खाली आली. किनाऱ्यावरच्या खांबांना तिचंच एक जाळं वाळत घातलेलं होतं. त्याचं एक टोक तिने खांबाला पक्कं बांधलं, दुसरं टोक घेऊन कमरेएवढ्या पाण्यात शिरली आणि आवाजाच्या दिशेने जीव खाऊन फेकलं. "बा, धर! धर रे बा!" ती रडत ओरडत होती. पहिल्यांदा जाळं रिकामंच आलं. तिने ते पुन्हा फेकलं, आणि या वेळी जाळ्याला ओढ लागली.

तेवढ्यात हळदीहून माणसं परतली. सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं, आणि कोळी किनाऱ्याला लागला. पायाला मोठी जखम झाली होती, होडीचं भोक तर विचारूच नका, पण माणूस जिवंत होता. कोळणीचा जीव भांड्यात पडला. ती वाळूतच बसून पदराने त्याची जखम बांधायला लागली.

"हिरू," कोळी धापा टाकत म्हणाला, "फडकं का नाही गो हलवलंस?"

हिरू हुंदके देत म्हणाली, "बा, तू मला दिसलाच नाहीस. मला लांबचं दिसतच नाही."

आता पारूकाकी काहीतरी बोलणार, तेवढ्यात कोळीणच उभी राहिली. "पोरीला बोल लावू नका," ती म्हणाली. "तिने मला सांगितलं होतं. तक्ता मीच पाठ करून घेतला. माझ्या अब्रूपायी आज माझाच माणूस गेला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोळीण लेकीला घेऊन बाजारगावी गेली. वैद्यीणबाईने दोघींना ओळखलं. तिने नवा तक्ता टांगला. हिरूने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मला दिसत नाही." तक्त्यासमोर पहिल्यांदाच ती खरं बोलली होती. तिला एकदम हलकं हलकं वाटलं.

वैद्यीणबाईने काचा बदलून बदलून नीट तपासलं, तोवर कोळणीने मिरच्यांच्या धुरापासून जाळ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. कोळीण हात जोडून म्हणाली, "बाई, एकदा चष्मा लावला की नंबर वाढतच जातो म्हणतात."

"नंबर चष्म्याने नाही, मूल वाढतं तसा वाढू शकतो," वैद्यीण म्हणाली. "चष्मा डोळ्यांना लावा नाहीतर खुंटीला टांगा. फरक एवढाच, की लावलात तर पोरीला दिसेल. आणि दरवर्षी मला दाखवत जा. वाढ फार वाटली तर त्यावरही उपाय आहेत, ते मी बघेन. पण कुणाच्या सांगण्यावरून डोळ्यांत काही घालायचं नाही, आणि मिरच्यांचा धूर तर मुळीच नाही."

कोळीण ओशाळली. "मग जाळं विणणं बंद करू का तिचं?"

"कशाला? त्याच जाळ्याने बाप ओढून काढला ना तिने! पण पोरी, चांगल्या उजेडात बसायचं. जाळं नाकाशी धरायचं नाही. मधून मधून मान वर करून लांब दर्याकडे बघायचं. आणि रोज दिवसाउजेडी भरपूर वेळ बाहेर खेळायचं. जी नजर अधू झाली ती खेळून परत येणार नाही, हे खोटं नाही सांगत. पण पुढची घसरण त्याने कमी होऊ शकते. आणि ज्या पोरांना अजून चष्मा नाही, त्यांना तर उघड्यावर खेळण्याचा फारच फायदा."

कोळणीने सुस्कारा सोडला. एवढंच होतं तर! आणि एवढ्यासाठी तिने केवढा घोर लावून घेतला होता.

"आता तुम्ही बसा," वैद्यीण तिला म्हणाली. "असा दोष पुष्कळदा आईबापांकडून येतो. समोरच्या तक्त्यावर काय दिसतं सांगा."

कोळणीने समोर बघितलं. मग इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"कुठला तक्ता?" ती म्हणाली.

वैद्यीणबाईला हसू आवरेना, हिरूलाही आवरेना, आणि शेवटी कोळीणही पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणजे लांबचं सगळ्यांनाच धुरकट दिसतं, असं ती जन्मभर समजत आली होती!

दोघींच्या चष्म्यांच्या काचा घासून तयार झाल्या तोवर कोळ्याचा पाय बरा झाला, होडी दुरुस्त झाली, आणि खडकावरही नवा बांबू लागला. मायलेकी चष्मे लावून टेकाडावर आल्या. पारूकाकी म्हणालीच, "अगोबाई, चार डोळे!"

"चार कसे? दोघींचे मिळून आठ," कोळीण म्हणाली. "मोजता येत नाही का गो तुला?"

मग होड्या दिसायला लागल्या. आणि त्या दिवशी सगळ्या पोरांच्या आधी, सगळ्यात मोठ्याने, हिरू ओरडली, "आली गो आमची!" केशरी ठिगळ, त्याखाली शीड, शिडाखाली होडी, आणि होडीत उभा राहिलेला बा. त्याने एक हात उंच केला होता.

"आये, बा हात करतोय!"

"कुणाला?"

"आपल्याला!"

कोळणीने चष्मा नीट सरकवून बघितलं. खरंच की! तिचा अबोल माणूस होडीत उभा राहून हात हलवत होता. तिने हळूच पारूकाकीला विचारलं, "हा आज बरा झाला म्हणून हात करतोय का गो?"

"आज?" पारूकाकी म्हणाली. "तुला लग्न करून आणलं तेव्हापासून रोज करतोय. तुम्हीच कधी हात वर केला नाहीत. आम्हाला वाटायचं गर्व झालाय."

कोळणीचा चष्मा आतून ओला झाला. तिने तो पदराने पुसला, पुन्हा लावला आणि दोन्ही हात उंच केले. हिरू तर उड्याच मारायला लागली.

तिकडे कोळ्याने ते बघितलं मात्र! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या घरची माणसं त्याला हात करत होती. तो शिडाची दोरी सोडून दोन्ही हात हलवायला लागला, आणि होडी निघाली थेट खडकाकडे.

"अरे खडक! खडक!" टेकाडावर एकच ओरडा झाला.

हिरूने टेकाडावर तसंच राहिलेलं लाल फडकं उचललं आणि जोरजोराने हलवलं. कोळ्याने ते बघितलं, हसत हसत दोरी ओढली, आणि होडी वळून सुखरूप घरी आली.

तात्पर्य: लेकराची अधू नजर झाकून ठेवू नये, वेळेवर दाखवावी, चष्मा लागला तर खुशाल लावावा, आणि पोरांना रोज उजेडात मोकळं खेळू द्यावं. आणि पोराला घेऊन गेलातच, तर स्वतःचेही डोळे दाखवून या.