हवा आत कुठून येणार?

घाटमाथ्यावरच्या एका थंड गावात एक वृद्ध मास्तर राहत असत. इमारती थंड आणि उबदार ठेवण्याची विद्या ते शिकवीत. एसी, हीटर, पंखे आणि हवेचे नळ यांतच त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांच्या कार्यशाळेतून शिकून बाहेर पडलेल्याला काम येते का, असे कुणी विचारीत नसे.

त्यांच्या शिष्यांत मुक्ता नावाची एक तरुणी होती. तिने बसवलेला पंखा कधी खडखडत नसे. आपल्या कामाचा तिला अभिमान होता आणि तो खोटाही नव्हता. मात्र दुसऱ्याच्या कामाकडे वळून पाहणे तिला भोचकपणाचे वाटे.

त्या वर्षी गावात निराधार वृद्धांसाठी एक नवी इमारत उभी राहिली. थोड्या विजेत ती उबदार राहावी म्हणून भिंतींना आतून जाड अस्तर दिले होते आणि खिडक्यांना दुहेरी काचा होत्या. शेवटची परीक्षा म्हणून मास्तरांनी त्या इमारतीचे काम तीन शिष्यांत वाटून दिले. इलियासने दारांखिडक्यांच्या आणि भिंतींच्या फटी बुजवायच्या. दशरथने पाणी तापवणारा गॅसचा गिझर आणि त्याचा धूर छपरावर नेणारा नळ बसवायचा. मुक्ताने स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरांतली कोंदट हवा बाहेर फेकणारे पंखे बसवायचे.

“एकमेकांशी बोलत जा,” एवढेच मास्तर म्हणाले. तिघांनी माना डोलावल्या आणि आपापल्या कामाला लागले.

काम पुरे झाले. दुसऱ्या दिवशी वृद्ध मंडळी राहायला येणार होती. त्यांची देखभाल करणाऱ्या सुभद्रामावशी आधीच तिथे मुक्कामाला आल्या होत्या. सकाळी मास्तर तपासणीला आले, तेव्हा मुक्ताने सगळे पंखे चालू करून ठेवले होते. बाहेर धुके होते आणि खिडक्या घट्ट बंद होत्या. मास्तरांनी इलियासच्या फटींवरून बोट फिरवले, दशरथच्या नळाचे सांधे पाहिले, मुक्ताच्या पंख्यांजवळ कान नेला.

“तिघांचंही काम चोख आहे,” ते म्हणाले. मग इकडेतिकडे पाहत त्यांनी विचारले, “मावशी कुठे आहेत?”

“आंघोळीला गेल्यात,” इलियास म्हणाला. “बराच वेळ झाला.”

मास्तरांचा चेहरा क्षणात बदलला. या वयात ते धावू शकतात हे मुक्ताने प्रथमच पाहिले. न्हाणीघराबाहेरच्या बोळात, गिझरखालीच, सुभद्रामावशी पडल्या होत्या. अंगावर कोरडे लुगडे, हातात पंचा. आंघोळ आटोपून बाहेर येताच त्या कोसळल्या असाव्यात. त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण हाकेला ओ नव्हती.

“उचला. आधी उघड्यावर न्या.”

तिघांनी त्यांना अंगणात नेऊन निजवले. दशरथ गाडी आणायला पळाला. थोड्या वेळाने मावशींनी मोठा श्वास घेतला, कण्हल्या, आणि मुक्ताच्या जिवात जीव आला. गाडी आली. इलियास त्यांना दवाखान्यात घेऊन गेला.

मुक्ता मागे वळली, तो आतून घाव ऐकू आले. मास्तरांनी गॅस बंद केला होता आणि छिन्नी-हातोडा घेऊन ते गिझरशेजारची नवी कोरी भिंत फोडत होते. अस्तराचे तुकडे फरशीवर पडत होते. इलियासने जिवापाड मेहनतीने बंदिस्त केलेली ती भिंत. मुक्ता आणि दशरथ दारातच थिजून उभे राहिले. म्हाताऱ्याचे भान सुटले की काय, असेच तिला वाटले.

“मास्तर, हे काय करताय?”

ते थांबले नाहीत. भिंतीला आरपार भोक पडले, थंड वारा शीळ घालत आत शिरला, तेव्हाच त्यांनी हातोडा खाली ठेवला. मग बाहेरचे दार लावून घ्यायला आणि देवळीतून उदबत्ती आणायला सांगितली. पेटलेली उदबत्ती धुराच्या नळाच्या तोंडाशी धरली. धूर सरळ नळात वर गेला. त्यांनी खिशातला रुमाल भोकात कोंबला, आणि तोच धूर उलटा फिरून मुक्ताच्या तोंडावर आला. तिने मान फिरवली, तरी तो तिच्याकडेच येत राहिला.

“तुझे पंखे घरातली हवा बाहेर ओढतात,” मास्तर म्हणाले. “मग नवी हवा आत कुठून येणार? इलियासने फट ठेवली नाही. राहिली एकच वाट, दशरथचा नळ. वरून हवा खाली येते आणि गिझरच्या धुरातला विषारी वायू घेऊन येते. त्याला वासही नसतो.”

मुक्ताच्या मनात फक्त एकच गोष्ट आली, की उद्या सकाळी इथे सगळ्याच खोल्या भरलेल्या असत्या.

“या कामात कुणाला काही वेगळं दिसलं होतं?” मास्तरांनी शांतपणे विचारले.

मुक्ता म्हणाली, “पंखे लावले की बाहेरचं दार उघडायला जड जायचं. मला वाटलं, इलियासचं दार नीट बसलं नाही. माझं काम नव्हतं, म्हणून बोलले नाही.”

दशरथ खाली मान घालून म्हणाला, “गिझरच्या वर काजळी धरली होती. मी पुसून टाकली. तपासणीत दिसू नये म्हणून.”

मास्तरांनी दोघांकडे पाहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि तेच मुक्ताला सोसवेना. “पंखा, भिंत आणि नळ या तुमच्यासाठी तीन वस्तू आहेत. आत राहणाऱ्या माणसाला श्वास एकच असतो. तुम्ही प्रत्येकाने आपलं काम निर्दोष केलंत आणि तिघांनी मिळून एका बाईला मरणाच्या दारात नेलंत. तुम्हाला कमी पडली ती विद्या नव्हे, ‘जरा इकडे ये, हे बघ’ एवढं वाक्य कमी पडलं. मी भोक पाडलं ते फक्त दाखवायला. खरा उपाय तुम्ही तिघांनी एकत्र बसून शोधा.”

वृद्धांचे येणे लांबणीवर पडले. तिघे एकत्र बसले, भांडले, पुन्हा बसले. गिझर इमारतीबाहेर गेला, पंख्यांसाठी ताज्या हवेची वेगळी वाट झाली. मावशी दवाखान्यातून परतल्या आणि एके सकाळी आंघोळीला गेल्या. तिघेही बोळात उभे होते. कुणी कुणाला बोलावले नव्हते.

दार उघडले. ओले केस पुसत मावशी बाहेर आल्या आणि तिघांकडे बघत राहिल्या.

“इथं काय करताय रे सगळे?”

“काही नाही मावशी,” मुक्ता म्हणाली. “बरं वाटतंय ना?”

“बरंय की. पाणी तेवढं जरा कोमट येतंय.”

पाणी दशरथचे होते. पण तो हलायच्या आत तिघेही गिझरकडे निघाले होते.