तन्वीरचा तेजोमेघ

“आता यात तपासायचं राहिलंय तरी काय, मॅडम?”

तन्वीर मुजावरचा आवाज जरा चढलाच. वेधशाळेची मोठी दुर्बीण मोकळी होती, आणि त्याच्या मार्गदर्शक होनाळकरबाई काही केल्या परवानगी देत नव्हत्या.

दुर्बिणीच्या चित्रातून तेजोमेघ हुडकून त्याचा आकार, तापमान सांगणारा प्रोग्राम त्याने मोठ्या कष्टाने लिहिला होता. तो तपासायला तन्वीर संगणकातच खोटे तेजोमेघ रचायचा, त्यांची खोटी निरीक्षणं करून प्रोग्रामपुढे टाकायचा. एकही मेघ निसटला नव्हता.

“हे मेघ रचतं कोण?” बाईंनी विचारलं.

“मीच.”

“आणि ओळखतं कोण?”

“माझाच प्रोग्राम... पण उत्तरं बरोबर येतात ना!”

बाई आपल्या संगणकाकडे वळल्या, थोडा वेळ खटपट करत राहिल्या.

“हे निरीक्षण मी रचलंय. बघ, काय सापडतं.”

तन्वीर मनातल्या मनात हसला. त्याने तिथेच प्रोग्राम चालवला. पडद्यावर हळूहळू एक धूसर कडं उमटलं.

“सापडला! किती फिकट होता, मॅडम. दुसऱ्या कुणाला दिसलाच नसता.”

“खरंय,” बाई म्हणाल्या. “मी मेघ घातलाच नव्हता. त्यात कॅमेऱ्याची नुसती खरखर आहे, आपोआप उमटणारे ठिपके.”

...

तन्वीर त्या कड्याकडे बघत राहिला. किती सुबक होतं ते! त्याने प्रोग्रामला शिकवलं होतं, अगदी तसंच. त्याचे कान तापले.

“म्हणजे माझी एवढी मेहनत...”

“चहा घेणार?”

तो चहा न घेताच उठला.

मग कित्येक आठवडे तो फिरकला नाही. मित्रांनी विचारलं तर म्हणायचा, “प्रोग्रामला ‘नाही’ म्हणायला शिकवतोय.” ते हसायचे.

एका दुपारी तो धापा टाकतच बाईंच्या खोलीत शिरला.

“मॅडम, बघा ना! काहीच सापडलं नाही!”

“कशात?”

“रिकाम्या चित्रांत. मेघ घातला तर सापडतो. फारच फिकट असला, तर मात्र सांगता येत नाही म्हणतो...” तो घुटमळला. “आधी सगळे सापडायचे. आता बरेच निसटतात. निकाल पहिल्यापेक्षा वाईट दिसतोय, मॅडम.”

बाईंनी चष्मा लावला. पडद्यावरची कोरी चौकट त्या बराच वेळ न्याहाळत राहिल्या...

“आता त्याला आकाश दाखव.”