पियर्स घरी आला तेव्हा

एकदा एक वृद्ध वंशकथक आणि त्याचा तरुण शिष्य पांढरा घोडा सोबत घेऊन पायीच चालले होते. लगाम वृद्धाच्या हातात होता, खोगीर रिकामे होते आणि शिष्याची नजर त्या रिकाम्या खोगिरावरून हटत नव्हती.

ही गोष्ट आयर्लंड बेटावरची, फार जुन्या काळातली. इंग्लंडहून समुद्र ओलांडून आलेली सरदार घराणी तिथे पिढ्यान् पिढ्या राहून तिथलीच भाषा बोलू लागली होती आणि तिथल्या रीती पाळू लागली होती. जमिनीचा तंटा उभा राहिला की वंशकथक भरसभेत त्या कुळाची वंशावळ म्हणे. ज्या पूर्वजाचे नाव तो उच्चारी, त्याच्या वंशजांचा हक्क कायम राही. ज्याचे नाव गळे, त्याचा वंश त्या भूमीला परका होई.

या वेळचा तंटा एका खोऱ्याचा होता. खोऱ्यात एक विधवा आपल्या लहान मुलासह राहत होती. तिच्या घरचे आणि गढीचे वर्षानुवर्षे बोलणे नव्हते. तिचे म्हणणे असे की तिच्या नवऱ्याचा आजा पियर्स हा गढीच्या जुन्या सरदाराचा धाकटा मुलगा होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याला तान्हेपणीच डोंगरातल्या एका घरी वाढवायला दिले होते. थोडा मोठा झाल्यावर तो परत आला आणि पुढे त्याला हे खोरे मिळाले. गढीचा आत्ताचा सरदार मात्र म्हणे, "पियर्स डोंगरातच तापाने गेला. परत कोणी आलेच नाही. हा यांचा आजा म्हणजे त्या डोंगरातल्या घरचा कोणीतरी पोरगा, आमचे नाव लावून बसलेला." सभेत पियर्सचे नाव उच्चारले गेले नाही, तर त्या मायलेकरांना चूल विझवून बाहेर पडावे लागणार होते.

आणि पांढरा घोडा त्याच सरदाराने दिला होता.

"गुरुजी," शिष्य शेवटी बोललाच, "तंट्यातल्या माणसाकडून भेट घ्यावी का?"

"त्याने प्रेमाने दिली."

"प्रेमाने?"

"बरं, हसून दिली म्हण."

"मग बसा तरी घोड्यावर. पाय ओढत चाललात."

"बघू," म्हणून वृद्ध चालत राहिला. शिष्याच्या मनात आले, 'जपतोय घोड्याला. ताजातवाना राहिला तर बाजारात भाव बरा येईल.'

एकदा संशय शिरला की त्याला खाद्य कमी पडत नाही. वृद्ध रोज गढीत जेवायला जाई आणि शिष्याला घोड्यापाशी बाहेरच थांबवी. आतून हसण्याचे आवाज येत. बाहेर आल्यावर शिष्य विचारी, "पियर्सचं काही कळलं?" वृद्ध सांगे, "आज सरदाराच्या आत्याबाईंनी त्यांच्या कुत्र्यांच्या गमती सांगितल्या." किंवा म्हणे, "लोणी छान होतं."

विधवेकडे तर तो एकदाच गेला, तोही उभ्याउभ्या. तिला एक नाव विचारले नाही की एक साक्षीदार. "सभेत पियर्सच्या घरी येण्याची गोष्ट सांग," एवढेच बोलून त्याने पाठ फिरवली. दारात उभ्या असलेल्या त्या बाईचा चेहरा शिष्याने नीट पाहिला. ओठ घट्ट मिटलेले होते आणि हात मुलाच्या खांद्यावर होता. 'झाले,' शिष्याला वाटले, 'निकाल आधीच ठरलेला आहे.'

दुसऱ्या दिवशी गुरू गढीत जेवत असताना शिष्य एकटाच खोऱ्यात गेला.

"ताई, मला सांगा. तुमच्या आजेसासऱ्यांची ती गोष्ट काय आहे?"

ती कचरली. "सांगण्यासारखी नाही, दादा. लाज वाटते. सासरे सांगायचे, पियर्स आजोबा गढीच्या दारात आले ते वाढवणाऱ्या आईचा घागरा धरून. खरी आई जवळ घ्यायला गेली, तर घागऱ्यामागे लपले आणि 'ही कोण बाई? मला घरी ने!' म्हणून भोकाड पसरलं. पुढे तीनदा पळून डोंगरात गेले."

शिष्याने कपाळाला हात लावला. "हे सभेत बोलूच नका! सरदार म्हणेल, पाहा, ती त्याची आई नव्हतीच. असं सांगा, पियर्स घोड्यावर बसून आला, त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वडिलांनी त्याच्या कमरेला तलवार बांधली."

"पण असं झालं नव्हतं ना?"

"खोरं हवंय की नको?"

बाईने मुलाकडे पाहिले. शिष्य परतला तेव्हा त्याला आपण फार न्यायाचे काम केल्यासारखे वाटत होते.

सभा टेकडीवर भरली. एका बाजूला गढीची माणसे रांगेत बसली होती, दुसऱ्या बाजूला ती विधवा आणि तिचे शेजारी. आधी सरदाराने आपले म्हणणे मांडले. मग बाई उभी राहिली आणि खाली बघत घोडा, नमस्कार, तलवार असे सगळे एका दमात सांगून मोकळी झाली.

वृद्धाने डोळे मिटून ऐकले. मग मान हलवली. "या पियर्सला मी ओळखत नाही."

सभेत कुजबुज उठली. सरदार मागे रेलून हसला. बाईने मुलाला उचलून छातीशी धरले. आणि शिष्याने पाहिले, ती गुरूकडे नाही, आपल्याकडे पाहत होती.

तो उठला. "गुरुजी, ती गोष्ट त्यांची नाही. मी रचून दिली. त्यांची वेगळी आहे."

"मग त्यांची त्यांना सांगू दे," वृद्ध शांतपणे म्हणाला.

बाईने रडवेल्या आवाजात घागऱ्याची गोष्ट सांगितली. 'ही कोण बाई?' हे शब्द तिच्या तोंडून निघतात न निघतात, तोच गढीच्या रांगेतून खुदकन हसू ऐकू आले. सरदाराच्या आत्याबाई होत्या.

"काय झालं, आत्याबाई?" वृद्धाने विचारले.

"काही नाही हो. आमच्याकडे मूल आईकडे जाईना आणि दाईलाच चिकटून बसलं, की म्हणतात, 'आला बघा पियर्स! ही कोण बाई?' " त्या सरदाराकडे वळल्या. "तुलासुद्धा म्हणायचो रे, लहानपणी! किती चिडायचास!"

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले. सरदाराचा चेहरा लाल झाला होता. "या पोरानेच ते शिकवलं असेल तिला!"

"तो तर तुमच्या उंबऱ्याच्या आत आलेला नाही," वृद्ध म्हणाला. "रोज बाहेर तुमचा घोडा सांभाळत होता. सगळ्यांनी पाहिलंय." मग तो सभेकडे वळला. "दोन्ही घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांशी बोलत नाहीत आणि दोन्ही घरांत एकच रडणं ऐकू येतंय. डोंगरात तापाने गेलेलं मूल गढीच्या दारात येऊन भोकाड पसरत नाही."

आणि त्याने वंशावळ म्हटली. पियर्सचे नाव आले तेव्हा त्याचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

सभा उठल्यावर वृद्धाने पांढऱ्या घोड्याचा लगाम सरदाराच्या हाती दिला. "एकदाही बसलो नाही. तपासून घ्या."

परतीच्या वाटेवर शिष्य बराच वेळ मागे मागे चालत होता. शेवटी म्हणाला, "गुरुजी, मी तुमच्यावर संशय घेतला."

"तुझ्या डोळ्यांत दिसत होता. घोडा नाकारला असता तर सरदार सावध झाला असता आणि गढीचं दार मला बंद झालं असतं. मग आत्याबाईंची ती म्हण मी कुठे ऐकली असती, आणि त्या बाईला आधी काही विचारलं असतं तर मीच शिकवलं असं सरदार म्हणाला नसता का? संशय घेतलास यात तुझी चूक नाही. आपल्या धंद्यात तो लागतोच. पण तो तू माझ्या दारापर्यंत आणलास आणि तिथेच बांधून ठेवलास. तलवारीची गोष्ट रचताना तो तुझ्याबरोबर का नव्हता?"

शिष्य दोन पावले पुढे होऊन त्याच्या बरोबरीने चालू लागला.

"मुला, तलवार बांधल्याची गोष्ट मला प्रत्येक घराण्यात ऐकायला मिळते. कुळाचं मोठेपण कोणीही रचतो. पण आपली फजिती कोणी रचत नाही. ती घडलेली असते म्हणूनच घरात टिकते. लोक ती लपवतात आणि मी तीच शोधत फिरतो."

थोडे पुढे गेल्यावर वृद्ध एका दगडावर टेकला आणि पाय चोळू लागला. शिष्य त्याच्यापाशी खाली बसला. पहिल्यांदाच त्याला दिसले की गुरूच्या टाचा चालून चालून फुटल्या होत्या. त्याने ते पाय आपल्या मांडीवर घेतले.

आपल्या घराण्याच्या गोष्टी पाहुण्यांना सांगताना आपण कोणती गोष्ट गाळतो, हे प्रत्येकाने एकदा आठवून पाहावे.